पाच वर्षांचे पेपर सोडवले की दहावीचं गणित सुटतं?

रात्रशाळेच्या बाई:
परवा इथे एका सरांनी लिहिलं होतं, 'बोर्डाला तीन महिने उरलेत. आता गणिताचं पाठ्यपुस्तक मिटून ठेवा. मागच्या पाच वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा, तेच फिरून फिरून येतं.' खाली पालकांनी हात जोडायची रांग लावली. मी तिथेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

मी मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळेत १७ वर्षं गणित शिकवते. वर्ग साडेसहाला भरतो, निम्मे विद्यार्थी सातला पोचतात, कारण मालक सोडत नाही. एका बाकावर कुरिअरचं काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा आणि चार घरचा स्वयंपाक करून आलेली चाळिशीची बाई. वेळ कमी असणं म्हणजे काय हे मी रोज बघते. आणि म्हणूनच म्हणते, ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने तर पेपरांपासून सुरुवात मुळीच करू नये.

माझा एक विद्यार्थी कॅन्टीनमध्ये कामाला होता. त्याने भूमितीचे पाच वर्षांचे पेपर दोनदा सोडवले होते. दीपगृहावरून जहाज दिसतं, अवनत कोन (वरून खाली बघतानाचा) ६० अंश, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. मी प्रिलिमला मोडलेलं झाड घातलं. वादळात झाड मोडलं, शेंडा बुंध्यापासून १० मीटरवर जमिनीला टेकला आणि जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर झाडाची मूळ उंची किती? त्याने टॅन ३० घेतला, १० भागिले √३ काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि 'उत्तर' लिहिलं. ती उभ्या राहिलेल्या बुंध्याची उंची होती. मोडून पडलेला भाग २० भागिले √३, तो त्याने धरलाच नाही. दोन्ही मिळून १०√३ येतं. मी विचारलं, पडलेला भाग कुठे गेला रे? म्हणाला, 'बाई, दीपगृहात एकच उभी रेघ असते.'

त्याने सराव केला नव्हता असं कोण म्हणेल? दुप्पट केला होता, पण तो दीपगृहाचा.

माझी पद्धत साधी आहे. सरावसंचातलं उदाहरण वहीत सोडवायचं. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं आणि नेमकं कुठे घसरलो ते एका ओळीत. तिसऱ्या दिवशी पुस्तक आणि वही दोन्ही बंद करून तेच उदाहरण पुन्हा. प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडायचा नाही. मागचे पेपर फेब्रुवारीत, तेही फक्त दोन तास बसायची सवय व्हावी म्हणून.

लातूरकर:
ते सर मीच. नाव न घेता लिहिलंत, पण सगळ्यांना कळलंय. मॅडम, तुमचं झाड तीन-चार गुणांचं. बाकीच्या पेपराचं काय? भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही ४०-४० गुणांचे. पहिला प्रश्न ८ गुणांचा, सगळा एकेका गुणाचा. दुसरा १२ गुणांचा, सगळा दोन-दोन गुणांचा. म्हणजे ४० पैकी २० गुण एक-दोन गुणांच्या प्रश्नांत आहेत आणि दुसऱ्या प्रश्नापासून पुढे सगळीकडे विकल्प. हा आराखडा पोराला पुस्तकातून कधी कळणार? पेपर हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

माझ्याकडे येणारी पोरं वाडी-तांड्यावरची आहेत. सात महिने गणिताला शिक्षक नव्हता अशा शाळेतली पोरगी डिसेंबरात माझ्याकडे आली. तिला काय सांगू, समरूपतेपासून सुरू कर? मी तिला पेपर दिले. जिथे अडली तेवढंच शिकवलं. ६१ गुण पडले. आज ती नर्सिंग करते. लातूर पॅटर्न म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन बसावं.

निवृत्त गुरुजी, सातारा:
मी १४ वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आहेत. दोघांच्याही भांडणात एक गोष्ट राहून गेली. पोरं लिहीत नाहीत. खोलीची लांबी रुंदीपेक्षा १ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. पोरगं थेट वर्गसमीकरण मांडतं. 'समजा, रुंदी एक्स मीटर' ही ओळच नसते. मुळं निघतात ७ आणि –८. पुढे 'लांबी-रुंदी ऋण नसते, म्हणून –८ अमान्य' हे लिहायला हवं, तर तिथे नुसता –८ वर काट मारलेला. मी अर्धा गुण कापत असे आणि मला त्याचं वाईट वाटत असे, कारण पोराला येत होतं. ही सवय पेपर सोडवून लागत नाही आणि सरावसंच सोडवूनही लागत नाही. कुणीतरी वही तपासावी लागते. आमच्या वेळी गणित दीडशे गुणांचं होतं, प्रमेयाची सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहावी लागे. आता 'कृती पूर्ण करा' म्हणून चौकटी भरायला देतात. चौकटी भरून सिद्धता येते का? या चौकटींनी भूमिती मारली.

सेमीची आई, नाशिक:
गुरुजी, वही कोण तपासणार? मी तपासायला बसले होते. मी मराठी माध्यमातून दहावीला गणितात ८८ टक्के घेतले. माझा मुलगा सेमी-इंग्रजीत, गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्याच्या पुस्तकात डिस्क्रिमिनंट, सीकंट, सायक्लिक क्वाड्रिलॅटरल. मला विवेचक, छेदिका, चक्रीय चौकोन माहीत. मी लसावि म्हणते, तो म्हणतो, आई, काहीतरीच काय बोलतेस. मला गणित येतं, पण माझ्या मुलाचं गणित येत नाही. तुम्ही पेपर की पुस्तक यावर भांडताय. आमच्या घरात प्रश्न वाचण्यापासूनच अडतंय.

निवृत्त गुरुजी, सातारा:
मग सेमी घेतलं कोणी? पालकांनीच ना? पोरगं इंग्रजीत काहीतरी बोललं पाहिजे म्हणून गणित-विज्ञान इंग्रजीत घातलं आणि आता गळा काढताय. त्याला त्रेसष्ट म्हणजे किती ते तरी सांगता येतं का?

सेमीची आई, नाशिक:
नाही सांगता येत! सिक्स्टी थ्री म्हटल्यावर कळतं. पण मला बोलायच्या आधी हे ऐका. आमच्या भागातल्या शाळेने पाचवीपासून सगळ्या तुकड्या सेमी केल्या, मराठी तुकडी बंद. दुसरी शाळा नऊ किलोमीटरवर. मी हौसेने घेतलं हे तुम्ही कुठून ठरवलंत? आणि तुमच्यासारख्याच लोकांनी २०१९ ला डोक्यावर घर घेतलं होतं. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या ज्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, तिने दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असंही वाचायला दिलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून ओरडलात. पंचवीस ऐकून पोर आधी ५ लिहितं, मग २ आणि होतात ५२. मी माझ्या मुलाचं हे दोन वर्षं बघितलंय. तेव्हा ऐकलं असतंत तर आज त्रेसष्टला अडला नसता.

निवृत्त गुरुजी, सातारा:
मी विरोध केला होता आणि आजही करतो. चार पिढ्या एकुणतीस, एकुणचाळीस म्हणत मोठ्या झाल्या. पाढे म्हणायला घ्या, आपोआप येतं. पोरांना अवघड जातं म्हणून भाषा सोपी करत गेलात तर उद्या काय उरेल?

पेडण्याहून:
गुरुजी, आमच्या गोव्यातलं ऐका. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत. पाचवीत हायस्कूलला गेलो तो सगळं इंग्रजी. पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर 'सबट्रॅक्ट' लिहिलं आणि मी शेजारच्याच्या वहीत बघून बेरीज केली, कारण त्यानेही बेरीजच केली होती. दोघांनाही छडी बसली. वजाबाकी आम्हांला पाण्यासारखी येत होती. इथे माध्यम निवडायला कोण बसलंय? त्या माउलीला असं टाकून बोलू नका. ते बरं नाही.

रात्रशाळेच्या बाई:
धागा माझा असला तरी या विषयावर मला बोलायचंच आहे. शब्द नुसते मराठी असून चालत नाहीत, ते बोलले पाहिजेत. माझ्या वर्गातल्या एका ताईंना शंकूछेद शिकवायला मला दोन मिनिटं लागली. शंकू आडवा छेदला, वरचा भाग काढून घेतला, राहिली ती बादली. त्या म्हणाल्या, रोज हातात असते. फ्रस्टम म्हटलं असतं तर नुसतं पाठ केलं असतं. पण त्याच ताईंनी क्षेत्रफळ-घनफळाच्या प्रकरणाचं नाव वाचून विचारलं, 'महत्त्वमापन म्हणजे कसलं महत्त्व मोजायचं?' त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्रेढीचंही (ठरावीक फरकाने येणाऱ्या संख्यांचा क्रम) तेच. गुरुजी, आपली परिभाषा मला प्रिय आहे, पण तिच्यातले सगळेच शब्द पोरांशी बोलत नाहीत, हे मान्य करायला हवं. आणि वीस एक मला तेव्हाही पटलं होतं.

निवृत्त गुरुजी, सातारा:
महत्त्वमापन हा शब्द वाईट आहे, एवढं मान्य. वीस एक नाही. आणि नाशिकच्या ताई, नऊ किलोमीटरचं मला माहीत नव्हतं. हौसेचा आरोप मागे घेतो.

सेमीची आई, नाशिक:
घेतलात ते बरं केलंत. पण पुढच्या वेळी आधी विचारा. मी तुमचं बोलणं दुपारी वाचलं आणि संध्याकाळपर्यंत माझा हात कामाला लागला नाही.

माजी विद्यार्थी, आता वायरमन:
मी बाईंच्या नाही, पण दुसऱ्या रात्रशाळेतून दहावी झालो. पहिल्यांदा गणितात २२. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरला असायची. जुलैला २०१५ पासून व्हायला लागली. माझ्या ऑक्टोबरच्या दोन वाऱ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला मी फक्त पेपर सोडवले, पुन्हा नापास. कारण मी सोडवत नव्हतो, उत्तरपत्रिका शेजारी ठेवून उतरवत होतो. सर, तुमच्या पोस्टमध्ये 'उत्तरं बघू नका' हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्यासारखा पोरगा एकटा बसून काय करणार हे तुम्ही धरलंच नाही.

लातूरकर:
हे खरंय. माझ्यासमोर बसणारी पोरं उतरवू शकत नाहीत, म्हणून मला सुचलं नाही. पोस्टमध्ये ते घालतो. पण बाईंना एक विचारतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला सात ते साडेनऊमध्ये बीजगणिताची सहा प्रकरणं आणि भूमितीची सात, सगळे सरावसंच, शिवाय तिसऱ्या दिवशी पुन्हा, हे बसतं कसं? खरं सांगा.

रात्रशाळेच्या बाई:
सगळं बसत नाही. वर्तुळाची लांबलचक प्रमेयं मी सगळ्यांना करायला लावत नाही. कुणाला काय सोडायचं हे मी ठरवते आणि ते ठरवताना मागचे पेपर समोर ठेवते. हे मी आधीच लिहायला हवं होतं. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पण अर्थनियोजनाचं प्रकरण बघा. पेपरांतून तयारी केलेली पोरं त्यात जीएसटीचं सूत्र शोधत बसतात. माझ्या त्या कॅन्टीनवाल्याने खिशातून हॉटेलचं बिल काढलं. २४० रुपयांचं जेवण, सीजीएसटी अडीच टक्के ६ रुपये, एसजीएसटी ६ रुपये, एकूण २५२. म्हणाला, हे तर मी रोज फाडतो. त्या दिवशी त्याने तो सरावसंच आपणहून संपवला, न सांगता. सर, तुमच्या पोरांच्या घरातही असं काहीतरी असेलच. कापूस विकल्याची पट्टी असेल, खताचं बिल असेल. त्याला शोधायला वेळ द्या ना. पेपरात ते छापलेलं नसतं.

लातूरकर:
आमच्याकडे सोयाबीनची पट्टी असते. हमाली, तोलाई, सगळं कापून हातात काय पडलं ते पोरांना बरोबर कळतं. शेकडेवारी त्यावरून घेता येईल, हे मान्य करतो. पण पेपर मी बंद करणार नाही. डिसेंबरात येणाऱ्या पोरीला दुसरा रस्ता नाही, हे तुम्ही मुंबईत बसून ठरवू नका.

रात्रशाळेच्या बाई:
बंद करा असं मी म्हटलंच नाही. पुस्तक मिटून ठेवा हे शब्द तुमचे होते. तेवढे काढा.

लातूरकर:
काढले. आता बघा, 'पुस्तक शेजारी उघडं ठेवा' असं केलंय. आणि ते मोडलेलं झाड उद्या माझ्या पोरांना घालतो. किती जण बुंध्यावर थांबतात ते इथे येऊन लिहितो.

रात्रशाळेच्या बाई:
घाला. फक्त आकृती काढून देऊ नका. ती त्यांनाच काढू द्या.