फौजीचं घर आणि खान्देशातला उन्हाळा : तुमचे अनुभव लिहा

परवा कुरडयांचा चीक हाटताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "यंदा आखाजीले भाऊ येई का?" (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.) मी चाटू फिरवत राहिले. सुट्टी मंजूर झाल्याशिवाय फौजीच्या बायकोने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हे मी बारा वर्षांत शिकले आहे.

आमचे हे तोफखान्यात. तीन वर्षं आम्ही देवळालीच्या क्वार्टरमध्ये होतो. मे महिन्यात तिथे 'आवा'च्या, म्हणजे फौजींच्या बायकांच्या संघटनेच्या, बायका मुलांसाठी शिबिर भरवायच्या. चित्रकला, पोहणं, कवायत, नाटुकलं असं सगळं असायचं. पुढे यांना फील्डवर पाठवलं, क्वार्टर सोडावी लागली आणि आम्ही शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. पहिलाच मे. बाहेर ४४ अंश. दुपारभर दार लावून बसायचं. गल्लीतल्या इतर पोरांचे वडील संध्याकाळी शेतातून परत येत होते, आमची दोघं ओट्यावर बसून ते बघायची. एका रात्री धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपलो असताना मुलीने विचारलं, "इथे आपल्यासारखं कुणीच नाही का?"

होती की! पंचक्रोशीत एकवीस घरं निघाली. तीन वर्षांपूर्वी मारुतीच्या सभामंडपात अकरा मुलांवर तसंच शिबिर सुरू केलं. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ, कारण त्यानंतर आपल्याकडचं ऊन मुलांच्या अंगावर घेण्यासारखं नसतं. सगळ्यात जास्त काय रुजलं असेल तर पोस्टकार्डं. पन्नास पैशाचं कार्ड, वर वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' नाहीतर '९९ एपीओ' (फौजेचं टपाल कार्यालय). फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" यापलीकडे न जाणारी मुलं कार्डावर काय काय लिहितात! माझ्या मुलाने लिहिलं, "आपली गाय व्याली. मी रात्री जागा होतो." फोनवर हे त्याने सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडे उन्हाळ्यात काय केलंत, कुणाची मदत झाली, कुठलं काम अडलं, कोणतं सुटलं, ते लिहा. न जमलेलंही लिहा.

पारोळा तालुका. निवृत्त सुभेदार (क्लार्क)

ताई, मुलांचं तुम्ही बघता, मी कागदांचं सांगतो. २६ वर्षं युनिटच्या ऑफिसात हेच केलं. उन्हाळ्यात जवान सुट्टीवर येतात, सुना घरी असतात, म्हातारे तर असतातच. सगळे एका जागी सापडण्याची वेळ हीच. म्हणून आम्ही तिघे-चौघे माजी सैनिक मे महिन्यात दोन रविवार शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो.

दहातली सात प्रकरणं नावाची असतात. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि नवऱ्याने युनिटमध्ये लिहून दिलेलं तिसरंच. नवरा नोकरीत आहे तोवर कुणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडतं तेव्हा कळतं. मी हात जोडून सांगतो, लग्न झालं, मूल झालं की त्याची 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, निघाली का हे नवऱ्याला विचारा. ती निघाली नसेल तर फौजेच्या लेखी ते मूल जन्मलेलंच नाही. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं स्पेलिंग आधी एक करून घ्या, मग दाखला युनिटला पाठवा.

दुसरं, शिक्षणाचं. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान मिळतं. ते महिना १००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २००० झालं. मुलीच्या लग्नाची मदत ५० हजारांची १ लाख झाली. पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी. ती व्यावसायिक पदवीसाठी, पहिल्या वर्षालाच अर्ज करायचा, बारावीला ६० टक्के हवेत. मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५००. पण ती माजी सैनिकांच्या आणि सैनिक विधवांच्या मुलांसाठी आहे. बाप अजून नोकरीत असेल तर मिळत नाही. दर वर्षी कुणीतरी आशेने येतं आणि मला नाही म्हणावं लागतं, फार वाईट वाटतं. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात मात्र नोकरीतल्यांच्या मुलांनाही डिफेन्स कोटा आहे. त्याची प्रमाणपत्रं निकालाच्या आधी तयार ठेवा. निकालानंतर सैनिक कल्याण कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

आणि घरपट्टी! राज्याने २०२० मध्ये माजी सैनिकांना ती माफ केली आहे. आमच्याच गावात चार जण अजून भरत होते.

चोपडा तालुका. सीमा सुरक्षा दलातल्या जवानाची पत्नी

काकांनी सांगितलेलं आम्हाला लागू होत नाही, हे मला तिसऱ्या हेलपाट्याला कळलं. दोन एसट्या बदलून, लेकराला कडेवर घेऊन मी त्या कार्यालयात गेले होते. बीएसएफ, सीआरपीएफ ही गृह मंत्रालयाची दलं, त्यांचं कल्याण मंडळ वेगळं, त्याला 'वार्ब' म्हणतात. शिष्यवृत्ती आम्हालाही आहे, रक्कमही तेवढीच, पण अर्ज दलाच्या मार्फत जातो. पहिल्याच दिवशी कुणी एवढं वाक्य सांगितलं असतं तर दोन हेलपाटे वाचले असते. म्हणून इथे लिहिते आहे.

ताई, तुमच्या शिबिरात आमची मुलं चालतील का?

(धागा सुरू करणारी) अहो, चालतील का काय विचारता! आमच्या एकवीसमधली आठ घरं सीआरपीएफ आणि बीएसएफचीच आहेत. मुलांना बाप घरी नाही एवढंच कळतं, मंत्रालय कुठलं ते नाही.

धरणगाव तालुका. नायकाची पत्नी

मी २०२५ च्या उन्हाळ्याचं लिहिते. आखाजी ३० एप्रिलला होती. हे चार दिवस आधी आले, नणंदेचं लग्न १४ मेला होतं. ७ मेला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली, ८ ला दुपारी यांना फोन आला. सासूबाईंनी शेव-चिवडा बांधून दिला, हे भुसावळहून मिळेल त्या गाडीने गेले. लग्नातला भावाचा मान चुलत दिराने केला.

आमच्या गावात फौजीची चार घरं. पहिल्या रात्री चौघी आपापल्या घरात टीव्हीसमोर जाग्या. तेव्हा टीव्हीवर जे चाललं होतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. माझा सहा वर्षांचा मुलगा ते बघत होता आणि माझं लक्षच नव्हतं. सकाळी त्याने अंथरूण ओलं केलं. त्या दिवशी आमच्यातल्या थोरल्या वहिनींनी सगळ्यांना त्यांच्या ओसरीवर बोलावलं आणि ठरवून टाकलं की मुलांसमोर टीव्ही बंद. रात्री आठला एकीने बातम्या बघायच्या आणि बाकीच्यांना सांगायच्या. आलेलं काहीही पुढे ढकलायचं नाही. गल्लीतल्या एका मुलाने काका गाडीत बसतानाचा फोटो गाडीच्या नावासकट स्टेटसला लावला होता, तो एका निवृत्त हवालदारांनी घरी जाऊन काढायला लावला.

आणि बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवसांपूर्वीच भिजत घातलेली होती, ती टाकून थोडीच देणार? पहाटे चारला चूल पेटवली. लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून घाटा शिजवला आणि उजाडायच्या आत धाब्यावर धोतरं अंथरून थापायला बसलो. चौघी आणि सात पोरं. कुणी फारसं बोलत नव्हतं, पण मी दोन दिवसांत पहिल्यांदा जेवले ते त्या सकाळी. गरम घाटा, वर तेल.

१० ला संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. यांचा फोन ११ च्या रात्री आला. तो फक्त चाळीस सेकंदांचा होता.

आमच्यातली एक नवी नवरी. तिला त्यानंतर महिनाभर झोप लागेना. गावच्या आशा सेविका ताईंनी १४४१६ नंबर दिला. टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. ती आधी लाजली, मग धाब्यावर जाऊन बोलली. आता बरी आहे. हा नंबर घरात लिहून ठेवा.

नंदुरबार जिल्हा. हवालदाराची मुलगी, बारावी

मी धुळ्याला सैनिकी मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्या शहाद्याकडच्या खेड्यातून रोज कॉलेज शक्य नव्हतं. प्रवेशाचे अर्ज मे-जूनमध्येच घ्यायचे असतात, लहान बहिणी असतील त्यांनी उशीर करू नका. सुट्टीत माजी सैनिक काकांनी आम्हा सगळ्यांना तोरणमाळला नेलं होतं. एसटीनेच गेलो, बायकांना अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्या आजीआजोबांना तर फुकटच. घाट चढताना खिडकीतून वारा गार लागायला लागला तेव्हा आजी म्हणाली, "आठेच ऱ्हाऊत." (इथेच राहू.) यशवंत तलावाजवळ डबे सोडले. पप्पा नव्हते, पण पप्पांसारखे दहा जण होते. मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे, मुलींना देता येते. घरी अजून नीट बोलले नाही.

भुसावळ. माजी सैनिकाची पत्नी

न जमलेलं मी लिहिते. आम्ही एका वर्षी मोठा कार्यक्रम केला. मांडव, हार, पाहुणे. पाहुणे दीड तास उशिरा आले, मग भाषणं झाली. अकरा वाजले, पत्र्याखाली भट्टी झाली आणि दोन पोरांना भोवळ आली. कैरीचं पन्हं पाजून, ओलं फडकं ठेवून त्यांना सावध केलं. वीरपत्नींना स्टेजवर साडी दिली, फोटो काढले. त्यातली एक मला नंतर म्हणाली, "ताई, मला साडी नको होती, माझ्या मुलाला गणित शिकवणारं कुणी हवं होतं." दुसऱ्या वर्षापासून मांडव नाही. एक निवृत्त गुरुजी सकाळी गणित घेतात.

साक्री तालुका. शहीद जवानाची बहीण

माझ्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली. तो दर आखाजीला येऊ शकायचा नाही, पण आला की पहिलं काम दोर घेऊन दारच्या निंबावर चढायचं. आम्ही बहिणी सासरहून यायच्या आत झोका बांधलेला असायचा.

आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. पहिल्या वर्षी आईने त्याच्या नावाने भरली. वर खरबूज ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाची आगारी टाकली, म्हणजे विस्तवावर नैवेद्य दिला. आई आपल्या मुलासाठी घागर भरते आहे, हे बघवत नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे कुणी आलं नाही. लोक वाईट नाहीत, काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. गावभर झोके होते, गाणी ऐकू येत होती, आमचा निंब तसाच उभा होता.

दुसऱ्या वर्षी त्याच्या युनिटमधले दोघे सुट्टीवर आलेले होते, एक पिंपळनेरकडचा, एक मालेगावचा. न सांगता आले. आईच्या पाया पडले, जेवायला बसले. आई वाढत होती आणि ते नको म्हणत नव्हते. जेवल्यावर मालेगावच्याने विचारलं, "माय, दोर कोठे शे?" तो झाडावर चढला. आई खाली उभी राहून ओरडत होती, "हयू, पाय सरकी!" (हळू, पाय सरकेल!) भावाला असंच ओरडायची.

तेव्हापासून आसपासच्या गावांतले सुट्टीवर आलेले जवान आखाजीच्या सकाळी आधी आमच्या दारी येतात. कुणी ठरवलेलं नाही. वहिनी जवळच्या गावी शिक्षिका आहे. आखाजीला लेकी माहेरी जातात, ती सकाळी आमच्याकडे येते आणि दुपारनंतर तिच्या आईकडे जाते. झोक्यावर पहिली तिला बसवतात.

कुणी विचारलं की अशा घरासाठी काय करावं, तर मी सांगते, सणाला जा. पंधरा ऑगस्टला सगळेच येतात.

उत्तरेकडे कुठेतरी. तुमच्यातलाच एक, रावेर तालुक्याचा

बायकोने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितो. आम्हाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी, ३० दिवस किरकोळ. ऐकायला पुष्कळ वाटते. पण कधी मिळेल ते आपल्या हातात नसते. मी चार वर्षांत एकदाच उन्हाळ्यात घरी होतो, ते पण केळीला पाणी देण्यात आणि बांधाच्या भांडणात गेले. (ज्यांचे जमिनीचे वाद आहेत त्यांनी कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायला सांगा. माझी मोजणी त्यानंतर झाली.)

मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तीन दिवस माझ्याजवळ आली नाही. फोनमधल्या मला पप्पा म्हणायची आणि घरातल्या मला बघून आजीच्या पदरामागे जायची. चौथ्या रात्री धाब्यावर झोपलो असताना वारा सुटला, ती घाबरली आणि अंधारात जो हात सापडला तो धरला. तो माझा होता. मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

आता ती सहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिचे कार्ड आले, गावातल्या शिबिरात लिहिलेले. एक घर, धाब्यावर चार माणसे झोपलेली, वर चांदण्या. चौथ्या माणसाला मिशी काढली आहे आणि खाली लिहिले आहे, "ही जागा ठेवली आहे." कार्ड बॅरेकमध्ये खाटेच्या वर चिकटवले आहे. सुट्टीचा अर्ज दिला आहे, १२ मेपासून.