पहिल्यांदाच भाजीचा वाफा करायचाय: सुरुवात कुठून करू?

हिरवीओंजळ
घरामागे १२ बाय १० फूट मोकळी जागा आहे. दिवसाला साधारण ६ तास थेट ऊन मिळतं. माती ओली असली की चपलेला चिकटते आणि वाळली की भेगा पडतात. आजवर साधी कुंडीही लावलेली नाही.
सगळी जागा एकदमच खणून घ्यावी का? खत कोणतं नि किती घालावं? टोमॅटो, मिरची, भेंडी, पालक, मुळा, गाजर, काकडी एवढं मनात आहे. यातलं पहिल्या खेपेला काय ठेवू, काय सोडू? आणि पाणी रोज द्यायचं का?

वाफसा
सगळी जागा अजिबात खणू नका. ४ बाय ८ फुटांचा एकच वाफा करा. ४ फूट अशासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. भिंतीला लागून करणार असाल तर रुंदी २ फूटच ठेवा. तुमची माती चिकण आहे. ती एकदा पायाखाली दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि पाणी वरच साचतं.

खणण्याआधी वाफसा पाहा, म्हणजे माती खणण्याजोगी झाली आहे का, फार ओली तर नाही ना, ते तपासा. चिकण मातीत या एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं. ४ इंच खालची मूठभर माती घेऊन गोळा वळा आणि अंगठ्याने दाबा. गोळा भुगा होऊन फुटला तर त्याच दिवशी खणा. नुसताच खड्डा पडला आणि अंगठ्याला चकाकणारा चिखल लागला, तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा पाहा. ओल्यात खणलेल्या चिकण मातीची ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि मग हंगामभर फुटत नाहीत.

निचराही तपासा. १ फूट खोल खड्डा पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. १ ते ३ इंच उतरलं तर चांगलं. त्याहून कमी असेल तर वाफा ६ ते ८ इंच उंच घ्या. त्यासाठी बाहेरून माती आणायची गरज नाही. कडेच्या वाटांवरची वरची माती वाफ्यावर ओढली की वाट खाली जाते, वाफा वर येतो.

खताचा थर २ इंच. ३२ चौरस फुटांना सुमारे १५० लिटर लागेल, म्हणजे १५ लिटरच्या १० बादल्या. ते वरच्या ६ ते ८ इंच मातीत मिसळा. शेणखत असो की कंपोस्ट, पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर ते गार आणि भुसभुशीत लागतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. नाकाला झोंबणारा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खताने कोवळी मुळं जळतात, शिवाय त्यातून तणाचं बी आणि रोगजंतू येतात.

चिकण माती हलकी होईल म्हणून वाळू घालायचा मोह होतो. घालू नका. थोड्या वाळूने चिकण माती आणखी घट्ट बसते.

दोनपानी
खणणीबद्दल वर आलंच आहे, मी पिकांचं सांगते.

गाजर या वेळी सोडा. जड मातीत त्याला फाटे फुटतात, आणि उगवायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात वरच्या मातीची पापडी धरली तर कोंब बाहेरच येत नाही. काकडीही पुढच्या खेपेला घ्या. मांडव किंवा जाळी नसेल तर एक वेल निम्मा वाफा व्यापतो.

बाकीची पिकं एकाच दिवशी लावायची नाहीत. पालक आणि मुळ्याला थंडावा लागतो. दिवस मोठे होऊन उन्हं कडक झाली की पालक फुलोऱ्यावर येतो. भेंडी, टोमॅटो, मिरचीला ऊब लागते, त्यामुळे रात्रीचं तापमान सतत १५ अंशांच्या वर राहायला लागल्यावरच ती लावा.

८ फुटांची वाटणी अशी करता येईल: पहिल्या २ फुटांत टोमॅटोची २ रोपं, पुढच्या दीड फुटात मिरचीची ३, त्यापुढच्या अडीच फुटांत भेंडीच्या दोन ओळी (दोन झाडांत १ फूट), उरलेल्या २ फुटांत पालक आणि मुळा. टोमॅटोची दोनच रोपं कमी वाटतील, पण २ फुटांपेक्षा जवळ लावली तर पानांत हवा खेळत नाही आणि करपा (पानं डागाळून वाळवणारा रोग) लवकर येतो. काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवताना मुळं तुटतात.

टोमॅटो-मिरचीची तयार रोपं आणा, कारण बियांपासून सहा ते आठ आठवडे जातात. रोप बुटकं, जाड खोडाचं, बिनफुलांचं निवडा. उंच आणि फुलावर आलेलं रोप दिसायला छान असतं, पण लावल्यावर बसून राहतं. लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोची खालची पानं काढून खोड त्या उंचीपर्यंत मातीत गाडा, त्याला खोडावर मुळं फुटतात. मिरची मात्र पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर लावा.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून १ इंच खोल टोचा. मुळा, पालक अर्धा इंच. मुळ्याला दोन पानं आली की २ इंचांवर एक रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटली तर शेजारच्याचं मूळ हलतं. विरळणी करताना जीव हळहळतो, पण दाटीतल्या मुळ्याला नुसता पालाच येतो.

झारी
पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण १ इंच पाणी धरा. तुमच्या वाफ्याला ते सुमारे ७५ लिटर होतं. ते दोन किंवा तीन वेळा विभागून, सकाळी, बुंध्याशी द्या. रोज थोडं शिंपडलं तर वरचा एखादा इंचच भिजतो, मुळंही तिथेच राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड मान टाकतं. शंका आली तर बोट २ इंच आत घाला. ओल लागली तर पाणी नको. दुपारी मलूल झालेली पानं संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर तेव्हाही नको.

अपवाद बी उगवेपर्यंतचा. तेव्हा वरचा थर कधीच सुकता कामा नये, बारीक भोकांच्या झारीने रोज हलकं पाणी द्या.

रोपं ६ इंचांची झाली की वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं २ इंच आच्छादन घाला, खोडापासून २ इंच लांब. तुमच्या मातीला भेगा पडू नयेत म्हणून ते हवंच. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून आत बसलं तर औषध शोधत बसू नका. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण पाणी कधी जास्त, कधी कमी झालं की ते फळापर्यंत पोचत नाही.

वाफसा
एक भर. आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. पानांवर मोठी भोकं आणि चकाकणारा माग दिसला तर पंधरा दिवस आच्छादन बाजूला ओढा आणि रात्री बॅटरी घेऊन त्या वेचा.

हिरवीओंजळ
सगळ्यांचे आभार. पालक-मुळा पेरला, पाचव्या दिवशी मुळा उगवला. पण आज एका कोपऱ्यातली दहा-बारा रोपं आडवी पडली आहेत. पानं हिरवीच आहेत, खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक झालंय. पाणी कमी पडलं का?

दोनपानी
उलट आहे, पाणी जास्त झालंय. ही मर आहे, मातीतल्या बुरशीने रोपं कोलमडतात. पडलेली रोपं पुन्हा उभी राहत नाहीत. ती आणि त्यांच्या कडेची २ इंचांतली रोपं काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. उरलेली आजच विरळ करा म्हणजे मातीपर्यंत हवा जाईल. वरची माती कोरडी दिसेपर्यंत पाणी थांबवा, आणि संध्याकाळी देत असाल तर सकाळी द्या.

त्या कोपऱ्यात पाणी साचतंय का ते पाहा. साचत असेल तर तेवढी जागा मातीने सारखी करून घ्या, आणि मुळा आठवड्याभराने पुन्हा पेरा, या वेळी १ इंचावर एकेक बी टाकून.