अनुभव धागा : पार्ले पूर्वेत रोजचं खाणं कुठे?

पार्ले पूर्वेतलं खाणं म्हटलं की बाहेरचे लोक दोन नावं घेतात: बाबूचा वडापाव आणि हनुमान रोडवरचं मासळीचं हॉटेल गजाली. दोन्ही हक्काची आहेत, वाद नाही. पण आपण काही रोज उठून गजालीत जेवत नाही. (परवडायलाही हवं.) हा धागा या दोन नावांच्या पलीकडचा. स्वयंपाक करणारं माणूस आडवं पडलं, गॅस संपला, इमारत पाडायला काढली, दोघंही नोकरीवर आणि पोरगं बारावीला, अशा दिवसांत तुमचं पोट कुणी भरलं ते लिहा. बंद पडलेल्या जागाही चालतील. काय मागवायचं, किती वाजता जायचं तेही सांगा. नुसतं 'अप्रतिम' लिहून पळू नका.

सुरुवात मी करतो. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानं उतरण्याच्या वाटेमुळे, आपल्याकडे उंची मिळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं घोंगडं भिजत पडलं होतं. आणि हललं तेव्हा महिन्याभरात घर रिकामं करा म्हणाले. भाड्याची जागा लहान, ओटा एवढासा. आई म्हणाली, इथे पोळ्या लाटायच्या तर पोळपाट मांडीवर घ्यावा लागेल. मग गल्लीच्या तोंडाशी असलेलं पोळीभाजी केंद्र आमचं स्वयंपाकघर झालं. सकाळी आठच्या आत गेलात तर पोळ्या तव्यावरून थेट डब्यात पडतात. नंतर गेलात तर थप्पीतल्या खालच्या मिळतात, वाफेने ओलसर झालेल्या. बुधवारी डाळिंब्यांची उसळ असते, ती साडेनऊला संपते आणि संपली की संपली. ओळखीपाळखीचा उपयोग नाही. डबा घरून न्या. पिशवीत भाजी बांधून देताना त्या मावशींचा चेहरा बघवत नाही.
– कडीपत्ता

पार्ले-जीच्या वासाचा विषय कुणीतरी काढणारच, तर मीच काढून मोकळी होते. इथला १९२९ पासूनचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, वास गेला, आपण सगळे हळहळलो. झालं. आता खाण्याकडे वळू.

मला लिहायचंय ते स्टेशनजवळच्या एका उडप्याबद्दल. नाव लिहीत नाही, कारण आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. पार्ले टिळक शाळेत होते तेव्हा निकालाच्या दिवशी बाबा तिथे न्यायचे. इडली-वडा, सांबारात बुडवून. नोकरीला लागल्यावर मी एकटीच जायला लागले. गाडी चुकली की तिथे बसायचं. बाई माणूस एकटं बसलंय म्हणून कुणी टेबल रिकामं करायची घाई केली नाही, हे मला चवीपेक्षा मोठं वाटतं. वाढपी काही न विचारता साखर कमी घातलेली फिल्टर कॉफी आणायचा आणि खालच्या वाटीच्या काठाशी पेला असा टेकवून ठेवायचा की थेंबही सांडत नसे. आता जी चकचकीत ठिकाणं झालीत तिथे कॉफीवर फेसाचं पान काढून देतात. पण पाचव्या मिनिटाला 'मॅम, एनिथिंग एल्स?' येतंच.
– मधुमालती

मी जुन्या, म्हणजे देशांतर्गत टर्मिनलला रात्रपाळी करायचो. पहाटे सुटल्यावर हायवेच्या कडेला सायकलवाले उभे असतात. मागे कॅरिअरला चहाची टाकी, हँडलला पिशवीत ग्लास आणि एका स्टीलच्या डब्यात पोहे. लोडर, टॅक्सीवाले, सुरक्षारक्षक, सगळे एकाच डब्याभोवती. पोह्यांत कांदा नावाला, पण मिरची अशी की झोप उडते. या लोकांना हॉटेल म्हणत नाहीत, पण खाण्याची जागाच ना ती? सकाळी सात वाजले की सायकल गायब. तुम्ही बागेत चालायला निघता तेव्हा ते आवरून गेलेले असतात.
– रात्रपाळी

सॉरी, पण पार्ल्यात धड मिसळ मिळत नाही. एवढी मराठी वस्ती आणि तर्रीचा पत्ता नाही. उपवासाचे पदार्थ मात्र ढीगभर!
– ठाण्याचा पाहुणा

@ठाण्याचा पाहुणा, आमच्याकडे तर्रीपेक्षा अळूचं फदफदं चालतं. ज्याची त्याची प्रकृती. 😄
– कडीपत्ता

मी त्या बाजूने लिहिते, काउंटरच्या आतल्या. एका केंद्रात बरीच वर्षं पोळ्या केल्या. आता गुडघ्यांमुळे सोडलं. लोकांना वाटतं पोळी स्वस्त असावी, घरच्यासारखी असावी आणि पापुद्रेही सुटावेत. आमचा हिशेब असा, की लाटणारणीला नगावर पैसे. एकजण लाटते, एकजण भाजते, तिसरी घड्या घालते नि मोजते. घडीची पोळी करायची तर आत तेलाचं बोट आणि पिठाची चिमूट लागते, दोनदा दुमडावी लागते. घाई असली की ही घडीच आधी जाते. म्हणून गर्दीच्या वेळेची पोळी फुलक्यासारखी लागते, पीठ तेच असतं. गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर लोक चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन करून देतात नि नाही म्हटलं की रागावतात! अहो, पारी गरम असतानाच वळावी लागते, गार झाली की चिरते. यंत्रातनं काढलेले नाहीत ते. अंगारकी असेल तर चार दिवस आधी सांगा एवढंच म्हणणं.

कडीपत्ता, पिशवीबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. गरम भाजी प्लास्टिकमध्ये ओतताना खरंच जिवावर यायचं.
– सुगरणीचा खोपा

काकू, तुमच्या पोस्टनंतर काय लिहावं कळेना. आम्ही साठ्ये-डहाणूकर कॉलेजवाले, आमची भूक वेगळी. दीक्षित रोडच्या आसपासचा सँडविचवाला हा आमचा अन्नदाता. मस्का, हिरवी चटणी, बटाटा, बीट, वरून मसाला. 'टोस्ट' म्हटलं की कोळशाच्या शेगडीवर साचा. शेवटी उरलेल्या चटणीसाठी एक कोरडा तुकडा मागायचा, तो फुकट असतो. महिनाअखेरीस चौघांत दोन. आणि हो, पश्चिमेला मिठीबाई कॉलेजसमोरचा आनंदचा डोसा कितीही भारी असला तरी पूल ओलांडून जाणं म्हणजे पक्षांतर, असं आमच्यात मानायचे. जायचे मात्र सगळेच.
– बॅकबेंचर

गजालीला कुणी हात लावत नाहीये, म्हणून एक परिच्छेद. पाहुणे आले की नेतो. बोंबील फ्राय आणि तिसऱ्यांची कोशिंबीर मागवा, मेन्यूकार्ड बंद करा. पण दर आठवड्याचे मासे मी मंडईतून आणतो आणि घरीच तळतो, कारण आमच्या सोसायटीत अर्धे शाकाहारी असले तरी खिडक्या माझ्या आहेत.

दुसरं. दीनानाथ नाट्यगृहात नाटक असलं की मध्यंतरात बटाटेवडा खाल्ल्याशिवाय नाटक अर्धवट वाटतं. वडा काही थोर नसतो. रांगेत पहिल्या अंकाची जी चिरफाड होते ती मात्र फुकट मिळते. नाटक सुटल्यावर खाण्याचे वांधे आहेत: रात्री अकराच्या पुढे पार्ले पूर्व झोपतं. एका ठिकाणी शटर अर्धं ओढून आत बसवलं, आणि बिलात न मागितलेलं पाणी, न मागितलेला पापड आणि सर्व्हिस चार्ज. नाव घेत नाही, पण बिल वाचून पैसे द्या.
– तिसरी घंटा

रविवारच्या फाफड्याबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? पूर्वेलाही गुजराती शेजार आहे म्हटलं! सकाळी आठला फरसाणवाल्याकडे रांग, पपईचा संभारो, तळलेली मिरची, कढी वेगळ्या पिशवीत. आमच्या जिन्यात कोब्रा, देब्रा, सारस्वत, शहा, सगळ्यांच्या हातात त्या दिवशी तेच तेलकट पुडकं असतं. जिलबी गरम हवी तर नऊनंतर.
– जिन्याखालचा

न्यू जर्सीहून. आई अजून पार्ल्यात, एकटी. तिचा डबा मी इथून ठरवून दिलाय, आणि डबेवाल्या ताई तिने डबा अर्धा परत पाठवला की मला मेसेज टाकतात. 'आज काकूंनी भात ठेवला.' कॅमेरा लावण्यापेक्षा हे बरं. दिवाळीला त्यांच्याकडूनच फराळ मागवते. चकल्या पोचेपर्यंत निम्म्या तुटतात, चिवडा समजून खातो. अनारसे मात्र अखंड येतात, कसे देव जाणे.
– पूर्वाश्रमीची पार्लेकर

अनारसे डब्यात उभे लावायचे आणि फटींत टिश्यू ठासायचा. चकलीला वेगळा डबा सांगा. भाजणीत तांदूळ कमी घातले की कमी तुटतात, पण मग कुरकुरीतपणा जातो.
– सुगरणीचा खोपा

उद्या संकष्टी. साबुदाण्याची खिचडी मोकळी कुठे मिळेल? मागच्या वेळी गोळा मिळाला होता.
– नवा भाडेकरू

कुठे राहता सांगा, त्यावर आहे. स्टेशनकडचे असाल तर सातला जा, पहिल्या घाण्याची मागा, आणि दाण्याचं कूट वरून घालू नका म्हणावं.
– कडीपत्ता