डीएनएसमास्क मध्ये अपस्ट्रीमचा क्रम लागत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी चार कॉम्प्युटर लावलेत, सगळ्यांचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) एका रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच्या डीएनएसमास्क (dnsmasq) या प्रोग्रॅम मधून जातंय. दोन अपस्ट्रीम, म्हणजे डीएनएसमास्क पुढं ज्यांना पत्ता विचारतं ते सर्व्हर, दिलेत, पहिला १.१.१.३ म्हणजे क्लाउडफ्लेअरचा नको त्या साइट अडवणारा, आणि तो बंद पडला तरच दुसरा ९.९.९.९, कारण पावसात इथं लाइनचा काय भरवसा नसतोय ओ. पण नुसतं तसं ठेवलं की डीएनएसमास्क जो सर्व्हर चालू दिसतो त्याला विचारतंय, मग ९.९.९.९ ला विचारलं की अडवलेली साइट मधेच उघडते. लहान पोरं बसतात तिथं, म्हणून जीवाला घोर लागलाय.

नो-रिझॉल्व्ह (सिस्टिमची सर्व्हर-यादीची फाइल रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचू नको) आणि स्ट्रिक्ट-ऑर्डर (दिलेल्या क्रमानंच विचार) दोन्ही टाकलंय, सर्व्हिस पूर्ण रिस्टार्ट केली (नुसत्या सिगहप सिग्नलने कॉन्फिग परत वाचत नाही हे माहीत आहे), तरी लॉग-क्वेरीज (प्रत्येक विचारणेची नोंद) चालू करून बघितलं तर फॉरवर्डेड ९.९.९.९ आधी येतंय! मॅन्युअलात क्रम रिझॉल्व्ह.कॉन्फ मधल्या ओळींचा म्हटलाय, मी तर सर्व्हर= अशा ओळी कॉन्फिगमध्येच लिहिल्यात. त्या खालून वर वाचल्या जातात काय? की वेगळी फाइल करून रिझॉल्व्ह-फाइल ने द्यायची?

दुसरा सर्व्हर काढूनच टाकावा असंही वाटतंय, पण मग पहिला गेला की सगळंच बंद. निपाणी, बेळगाव कडं कुणी शाळेत असं बसवलं असेल तर तुमच्या कॉन्फिगच्या ओळी जशाच्या तशा टाका की.