अलंकार शिकवूच नका म्हणे!

शब्दपिसा: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'अलंकारांच्या व्याख्या घोकून आजवर कुणाला कविता कळलेली नाही. पोरांच्या डोक्यावरचं हे ओझं काढून टाका.' त्यावर टाळ्यांचा पाऊस! ओझं काय नि पाऊस काय, दोन्ही रूपकंच, महाराज. बोलायला चालतात, शिकायला नकोत?

राग आणि वणवा ही एकच जोडी घ्या. 'राग वणव्यासारखा पसरला' यात दोघं वेगवेगळे उभे आहेत. 'राग जणू वणवाच' म्हटलं की मन एका बाजूला झुकलं. 'रागाच्या वणव्यात घर होरपळलं' इथे भेदच संपला. 'हा राग नव्हे, वणवा आहे' म्हणणाऱ्याने उपमेयच, म्हणजे ज्याची तुलना चालली तो रागच, नाकारलं. 'वणवा परवडला, पण याचा राग नको' म्हणताना उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतात ते, इथे वणवा, हरलं. ही झाली क्रमाने उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक. बोलणारा कुठवर वाहवत गेला, ते या नावांनी कळतं. नववी-दहावीच्या पोरांना एवढं नक्की झेपतं.

कडूजहर: काल लिहिणारा मीच. तुमचा वणवा झकास, पण वर्गात काय चालतं ते ऐका. 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. 'सम, समान, सारखा, परी' दिसलं की उपमा. संपला विषय. माझ्या भाच्याने 'तो सारखा रडतो' या वाक्यात उपमा शोधली! साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखा असणारा गुण, रडणं. उपमान काही सापडेना, बसला वहीकडे बघत.

निवृत्त मास्तर: भाच्याचं चुकलं, अलंकाराचं नाही. 'ती भावासारखीच उंच आहे' यातही 'सारखी' आहे, पण ती नुसती तुलना. साम्यात चमत्कृती नसेल तर उपमा कसली? हे समजवायला तास जातो, आणि पेपरात विचारतात 'अलंकार ओळखा, गुण एक'.

लेखणीबहाद्दर: विषय निघालाच आहे तर यमकाचंही बोला. संस्कृतात तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा आली की यमक. आपण ओळीच्या शेवटच्या जुळणीवर भागवलं. त्याची फळं रोज सकाळी मोबाइलवर येतात, फुलांच्या चित्रासकट.

रानवारा: यमक राहू द्या. माझ्या मुलीने 'घड्याळ पुढे धावतंय' याला चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणारा अलंकार, लिहिलं, तर बाईंनी लाल फुली मारली. 'तसं म्हणतातच' हे कारण. आणि त्याच पेपरात 'वारा गातो'ला पूर्ण गुण! वारा गातो असंही म्हणतातच की.

शब्दपिसा: बाईंचं बरोबर आहे. नदीचं मुख, डोंगराचा पायथा, खुर्चीचे हात यांत आता कुणाला शरीर दिसतं? वापरून वापरून झिजलेले शब्द.

रानवारा: झिजले हे कोण ठरवणार? 'त्याने खुर्चीचा हात धरला' झिजलेलं, कबूल. 'खुर्चीनेच त्याचा हात धरला, सोडेचना' असं लिहिलं तर?

निवृत्त मास्तर: तर जिवंत झालं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून जवळचा दुसरा घेण्याचे, दोन आधार सांगितले, रूढी आणि प्रयोजन. 'कुशल' म्हणजे मुळात कुश गवत खुडून आणणारा. आज कुणाला गवत आठवतं? ही रूढी. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' म्हटलं तरी वस्ती काठावरच असते, पण 'गंगेवर' म्हणण्याने गारवा आणि पावित्र्य वस्तीत शिरतं. हे प्रयोजन. घड्याळाच्या धावण्यात मला ते दिसत नाही.

रानवारा: परीक्षेला उशीर झालेल्या पोराने म्हटलं तर दिसेल. आणि मुलीने मम्मट वाचून पेपर द्यायचा का? बाईंनी तरी वाचलाय?

निवृत्त मास्तर: शिक्षकांवर घसरू नका. वह्यांचा गठ्ठा घेऊन एक रात्र जागून बघा, मग बोला.

रानवारा: घसरले नाही, विचारलं. उत्तर नाही म्हणून चिडलात.

कडूजहर: चालू द्या! एवढे जाणते लोक एका घड्याळावर हमरीतुमरीवर आलेत, आणि पोरीने मात्र एका गुणासाठी एकच उत्तर द्यायचं. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे. शिवाय तुमच्या मम्मटानेच काव्याच्या व्याख्येत 'अनलंकृती पुनः क्वापि' म्हणून सूट दिली आहे. अलंकाराशिवायही काव्य होतं.

निवृत्त मास्तर: 'क्वापि'. म्हणजे क्वचित. सर्रास नव्हे.

शब्दपिसा: बरं, कडूजहर, एवढं मान्य करतो. 'अलंकार ओळखा' हा प्रश्न गेला तरी मी रडणार नाही. 'यातला जणू काढा आणि काय बिघडलं ते सांगा' असं विचारा. व्याख्या मात्र राहतील.

कडूजहर: उपकार झाले! राहू द्या. प्रश्नपत्रिकेतच छापा, पाठ करायला लावू नका.

शब्दपिसा: छापल्यावर वर्षभर त्यांच्याकडे बघणार कोण?

कडूजहर: आत्ता तरी कोण बघतंय?

रानवारा: तुमचं मिटलं की माझ्या मुलीच्या गुणाचं बघा.

निवृत्त मास्तर: खुर्चीवाल्या वाक्याला मी पूर्ण गुण देतो. घड्याळाला नाही.