मदत हवी आहे: कवच विरघळलेल्या अमोनाईटची (वेटोळ्या कवचाच्या नामशेष सागरी प्राण्याची) ओळख कुठपर्यंत सांगता येते?

नमस्कार. मी नाशिकला भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, त्यामुळे सागरी जीवाश्म हाताळलेलं कुणी ओळखीत नाही. म्हणून इथे विचारतेय.

प्रकल्पाचे नमुने तमिळनाडूतल्या अरियालूर भागातले आहेत. सिमेंटसाठी चुनखडक काढतात त्या खाणीच्या टाकाऊ ढिगातून परवानगी घेऊन उचललेले. खडक क्रिटेशसच्या अखेरचा, साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले ग्रिफियाचे शिंपले धडधाकट आहेत, कारण त्यांचं कवच कॅल्साईट या टिकाऊ खनिजाचं. अमोनाईटचं कवच सहज विरघळणाऱ्या अ‍ॅरागोनाईटचं होतं, ते विरघळून गेलं. उरलाय तो आत भरून घट्ट झालेला चुनखडीचा गाळ, आणि तोही एका बाजूने चेपलेला.

या भागातले अमोनाईट जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनांड स्टोलिच्काने १८६० च्या दशकात वर्णन केले, पण त्या चित्रांतले नमुने सुबक. माझ्या तुकड्यांवर शिवणरेषा (कवचातल्या कप्प्यांचे पडदे कवचाला जुळतात तिथली रेघ, ओळखीची मुख्य खूण) जेमतेम जाणवते. ती नीट दिसण्यासाठी काय करू? इथले झिओलाईट गोळा करणारे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने साफ करायला सांगतात. त्यांच्या खड्यांवरचा कॅल्साईट त्याने जातो, पण माझा तर अख्खा नमुनाच कॅल्साईटचा! आणि एवढ्या पुराव्यावर जातीचं (स्पीशीजचं) नाव लिहिणं प्रामाणिक ठरेल का? मला चुकीचं नाव अजिबात द्यायचं नाही. हे तुकडे खडी म्हणून गेले असते, त्यांची नोंद तरी खरी व्हावी.

प्रतिसाद

अ‍ॅसिड नकोच. मऊ ब्रश, पाणी, आणि चिकट माती सुईने, भिंगाखाली. मग नमुन्याला काळा रंग देऊन अमोनियम क्लोराईडच्या धुराचा पातळ पांढरा थर बसवा (धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच) आणि एकाच बाजूने तिरका उजेड टाका. पुसट रेषाही उठून येतात. थर नंतर पाण्याने धुऊन जातो. शेवटच्या वेटोळ्यात शिवणरेषा शोधत बसू नका. प्राणी राहायचा त्या कप्प्यात ती नसतेच.

नावाचं म्हणाल तर प्रजातीवर (जीनसवर) थांबा. जातीशी साम्य वाटलं तर जातीच्या नावाआधी 'सीएफ.' (cf., म्हणजे 'तुलना करा') लावा. चेपलेल्या नमुन्यात वेटोळ्याची जाडी फसवते, त्या मापावर भिस्त ठेवू नका. साफ करताना निघालेली माती मात्र जपा, तीत फोरामिनिफेरा (सूक्ष्म कवचाचे एकपेशीय जीव) मिळाले तर वय त्यांच्यावरून ठरवता येईल.

दोन्ही बाजूंचे आणि बाहेरच्या कडेचे फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.