'इनसाइड आउट २' लहानांना कळेल का?

'इनसाइड आउट' म्हणजे रायली या मुलीच्या डोक्यातल्या भावनांना पात्रं बनवणारा अ‍ॅनिमेशनपट. त्याचा 'दुसरा भाग लहानांच्या डोक्यावरून जातो' असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी त्यात ब्लूफी आहे: प्रेक्षकांशी थेट बोलणारा सपाट कार्टून कुत्रा, सोबत त्याची बोलकी कंबरपिशवी. मोठ्यांना हसू येतं ते नॉस्टॅल्जिया (गतकाळात रमण्याची भावना) आजी होऊन दारात आली की 'तुमची वेळ व्हायचीय अजून' म्हणत तिला परत पाठवतात तेव्हा.

अवघड जागा शेवटाकडे आहे. १३ वर्षांची रायली आइस हॉकीच्या सामन्यात दोन मिनिटांच्या शिक्षेवर पेनल्टी बॉक्समध्ये (मैदानाबाहेरच्या शिक्षेच्या बाकावर) बसते, तिचा श्वास फुलतो आणि डोक्याच्या आत अँग्झायटी (चिंता) ही भावना कन्सोलभोवती, म्हणजे रायलीला चालवणाऱ्या बटणांच्या फलकाभोवती, नारिंगी वावटळ होऊन गरगरते. पॅनिक अटॅक इतका नेमका क्वचितच दाखवलाय! घरी बघताना नेमकं इथेच पॉज करू नका, मूल घाबरलेल्या चेहऱ्यावरच अडकतं. सुटका पुढच्या काही मिनिटांत आहे. विचारलंच, तर 'बघ, ती बाकाला हात लावतेय, श्वास हळू होतोय' एवढं पुरे.

आणि २०१५चा पहिला भाग आधी दाखवाच. नाहीतर आठवणींचे गोळे काय, कन्सोल कुणाचं, हे समजावण्यातच तुमचा पिक्चर संपेल.